मुळजकर सरांची काळी लिंबं

झाडाला लिंबं लागली यात मुळजकर सरांचा काही दोष नव्हता. झाड शारदाबाईंनी लावलेलं, त्याला भांड्यांचं पाणी सोडायचा सल्ला समोरच्या धुरपताबाईंचा, आणि पाऊस त्या साली देवानंच बरा पाडला होता. दिवाळी सरली आणि झाड असं लगडलं की पानं शोधावी लागत.

सुरुवातीला सरांनी लिंबं वाटली. उमरग्यातल्या त्या गल्लीनं ती आधी आनंदानं घेतली, मग भिडेखातर घेतली, आणि मग सर पिशवी घेऊन दिसले की लोक दार लोटून घेऊ लागले. एक जुना विद्यार्थी तर मोटरसायकलवरून जाताना नमस्काराच्या जागी "सर, घरी हाईत लिंबं!" एवढंच ओरडून गेला. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला आपली गल्ली तोंड चुकवते, ही गोष्ट सरांच्या मनाला लागली.

लोणच्याचा रस्ता शारदाबाईंनी बंद केला होता. "बरण्या संपल्या. मुलं पुण्यात, आणि आपल्या दोघांना डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलंय. आता एक लिंबू जरी घरात आणलंत तर मी झाडावर जाऊन बसते," त्या म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यांकडं बघता ही धमकी पोकळ होती, पण सरांनी ती मानली.

मग मोबाईलवर सरांच्या वाचनात आलं की अरबस्तानात लिंबं मिठाच्या पाण्यात उकळतात आणि उन्हात काळी ठिक्कर होईतो वाळवतात. ती दगडासारखी कडक होतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि आमटीत टाकली की आमटीचं सोनं होतं. सर उठून बसले. त्यांना घरातलं कुठलंही काम काम म्हणून जमत नसे. त्याला 'प्रयोग' म्हटलं की जमायचं. माठ धुणं हा मागं एकदा प्रयोग झाला होता आणि त्यात माठ गेला होता. त्या आठवणीनं शारदाबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या.

पहिला घाणा सरांनी गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरला. त्याला दव लागून बुरशी आली. अग्रलेख तेवढा लिंबावर स्वच्छ उमटला होता. दुसऱ्या घाण्याच्या वेळी सल्लागार मंडळ बसलं. धुरपताबाईंचं म्हणणं, "सर, लिंबू काळं पडलं म्हंजे नासलं. त्याला वाळलं म्हणत न्हाईत. तुमी शिकलेले हाव म्हणून बोलत न्हाय मी." शेजारचे महालिंगप्पा हायवेवर टायरचं दुकान चालवत. एकाच भिंतीच्या दोन अंगांना दोघांची घरं. आजवर त्या भिंतीवरून वाटी गेली नाही असा सण नव्हता. महालिंगप्पांचं डोकं टायरसारखंच गोल आणि कायम हवा भरलेलं. "सर, ट्रकच्या टपावर टाका. हैदराबादला जाऊन येईस्तोवर खडखडीत वाळत्यात. वरनं ऊन, खालनं इंजनाची गरमी!" सरांना यात शास्त्र दिसलं. एक गोणी लिंबं हैदराबादला गेली. परत फक्त गोणी आली. ड्रायव्हरनं वाटेत भेटलेल्या एकूण एक गाडीला मिरच्यांसकट लिंबू बांधून दिलं होतं, आणि सगळ्यांनी मुळजकर सरांना दुवा दिला होता.

तिसऱ्या घाण्याला नगरपालिकेनं हात लावला. डासांच्या अळ्या शोधत फिरणाऱ्या माणसाला सरांच्या मागच्या अंगणात मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या लिंबांचं पिंप दिसलं. त्यानं लगेच नोटीस काढली. उकळलेल्या, खारट, आंबट पाण्यात डास अंडी घालत नाहीत, हे सरांनी त्याला मुद्देसूद समजावलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, माझ्या कागदावर टाकी, माठ, कूलर, टायर एवढंच हाय. लिंबू न्हाय. मी तुमचं 'टायर'मधी घालतो." त्यावर भिंतीपलीकडून महालिंगप्पांनी हरकत घेतली, कारण गल्लीत टायर म्हटलं की नाव त्यांचं येतं. त्या दिवशी दोघांनी मिळून पालिकेला पुष्कळ शिव्या घातल्या आणि चहा घेतला.

या सगळ्या धांदलीत लिंबांना मनापासून विचारणारं माणूस एकच होतं. महालिंगप्पांची सून अस्मिता. बेंबळीची पोरगी, बारावी सायन्स झालेली, लग्नानंतर पुस्तकं माहेरी राहिलेली. आठवा महिना लागला होता. नवरा दुकानाच्या मालासाठी सारखा हैदराबादला. दुपारी ती भिंतीजवळ खुर्ची टाकून बसे आणि सरांच्या प्रयोगात रस घेई.

"सर, साल मेणचट असते ना? मग आतलं पाणी निघणार कुठनं?"

सरांनी कपाळावर हात मारला. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी दाभण आणलं आणि प्रत्येक लिंबाला भोकं पाडायला बसले. प्रयोग म्हटला की गट हवेत, गट म्हटले की खुणा हव्यात. अस्मितानं जुन्या वहीच्या कागदाचे चौकोन कापून त्यावर सुवाच्य अक्षरात 'अ', 'ब', 'क' लिहून दिलं. अ म्हणजे उकळून उन्हात, ब म्हणजे न उकळता उन्हात, क म्हणजे सावलीत. सरांनी एकेक चिठ्ठी टाचणीनं एकेका लिंबाला टोचली, अ आणि ब गच्चीवर जुन्या बाजेवर पसरली, क बाजेखाली सावलीत ठेवली आणि वरून मच्छरदाणी टाकली. यावेळी जमलं. रोज थोडी थोडी करत लिंबं आक्रसली, करडी झाली, मग काळी. हातात घेतली की खुळखुळ वाजायची. सरांना इतकं समाधान निवृत्तीच्या सत्कारातसुद्धा झालं नव्हतं.

एकदा अस्मिता खुर्चीतून उठताना शारदाबाईंचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. "पाय केवढे सुजलेत गं! डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. बीपी वाढलंय म्हणल्या डॉक्टरीणबाई. भरती व्हा म्हणाल्यात. मामांजी म्हणले, येळवस होऊ दे, मग जाऊ."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं कुणी घरी थांबत नाही. शेत असणारे शेतात जातात, नसणारे दुसऱ्याच्या शेतात जातात. महालिंगप्पांनी टेम्पो केला, त्यात आंबिलाचं मडकं, शेंगा-भाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणि अख्खी गल्ली चढली. सर आणि शारदाबाईही चढले. अस्मिताला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. दिवसभर शेतात ज्वारीच्या ताटांनी उभारलेल्या कोपीपाशी सगळे बसले, जेवले, पुन्हा जेवले. महालिंगप्पांनी स्वतःच्या हातानं सरांच्या द्रोणात आंबील ओतलं आणि म्हणाले, "पुढच्या येळवसीला नातू घेऊन येऊ, सर. तुमीच त्याला शिकवायचं."

इकडं गल्ली ओस. अशी ओस गल्ली वानरांना वर्षातून एकदाच मिळते. त्यांनी आधी धुरपताबाईंचे पापड संपवले आणि मग सरांच्या गच्चीवर मच्छरदाणी फाडली. काळ्या लिंबाला वानराचा दात लागला असेल तेव्हा त्याचं तोंड काय झालं असेल ते त्यालाच माहीत. पण वानर एका लिंबावर शहाणं होत नाही. प्रत्येक लिंबू त्यांनी चावून पाहिलं आणि बहुतेक लिंबं रागानं खाली भिरकावली.

टेम्पो परत आला तेव्हा दिवस कलला होता. गल्लीत उतरल्यावर आधी धुरपताबाई किंचाळल्या. त्यांच्या पायरीवर काळं लिंबू होतं. पुढच्या दारात काळं लिंबू, त्याच्या पुढच्या ओट्यावर दोन. अमावस्येचा दिवस, टोचलेली, सुकलेली, टाचण्या लावलेली लिंबं. आणि महालिंगप्पांच्या उंबऱ्यावर जे होतं त्याच्यावर चप्पल काढता काढता अस्मिताचा पाय पडला. त्याला चिठ्ठी होती. चिठ्ठीवर 'अ'.

"अरे, ही तर माझी!" सर आनंदानं म्हणाले आणि लिंबू उचलायला वाकले. आयुष्यात एवढं चुकीचं वाक्य त्यांनी दुसरं उच्चारलं नसेल.

एकेक दार लागत गेलं. टेम्पोतलं रिकामं मडकं उतरवायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालिंगप्पांची बहीण एका देवऋषीला घेऊन आली. कपाळाला भस्म, मनगटाला मोठं घड्याळ, पाठीला कॉलेजच्या पोराची असते तसली सॅक. त्यानं लिंबू पाहिलं, चिठ्ठी पाहिली आणि सुनेचं नाव विचारलं. अस्मिता म्हटल्यावर त्याला पुढं काही विचारावं लागलं नाही. "पोटावर सोडलंय," तो म्हणाला. "ज्यानं सोडलं त्यानं स्वतः उतरवेपर्यंत पोरीनं उंबरा ओलांडायचा न्हाय. ओलांडला की संपलं."

अस्मिता आतून म्हणाली, "बाबा, चिठ्ठ्या म्याच लिहून दिल्या होत्या. सर लिंबं वाळवत होते."

बाबानं सगळ्यांकडं जाणत्या नजरेनं पाहिलं. "बघा. भारलेलं माणूस भारणाऱ्याचीच बाजू घेतंय."

सरांनी हे ऐकलं आणि ते समजावायला गेले. हातात एक लिंबू आणि तोंडात तयार पाठ. त्यांनी महालिंगप्पांना साल, मेण, बाष्पीभवन, मिठाचं काम, दाभणाचं काम, शेवटी वानरांचं काम असं सगळं क्रमानं सांगितलं. वर्गात याच गोष्टी पोरं जांभया देत ऐकत. इथं कुणी जांभई दिली नाही. सगळे टक लावून ऐकत होते, कारण त्यांच्या लेखी माणूस आपण करणी कशी केली हेच पायरीपायरीनं सांगत होता.

"सर," महालिंगप्पा हात जोडून म्हणाले, "माझं काय चुकलं ते सांगा. ट्रकमधली लिंबं गेली म्हणून राग आला का? भरून देतो. पण पोरीला सोडा."

"अहो, मी काही केलेलंच नाही तर सोडू काय? तिला आधी दवाखान्यात न्या! तिचं बीपी वाढलंय!"

"उंबरा ओलांडला की संपलं म्हणलेत बाबा. आणि तुमी म्हणूलालाव ओलांडा." महालिंगप्पांनी हात खाली घेतले. "आता कळलं."

सर तावातावानं घरी आले. त्यांनी गावात विज्ञान मंडळ काढलं होतं. शाळेच्या मैदानावर निखाऱ्यावरून चालून दाखवलं होतं, नारळातून निघणाऱ्या लाल धाग्याचं गुपित पोरांना फोडून दाखवलं होतं. आणि त्यांच्यावर करणीचा आळ! शारदाबाई म्हणत होत्या की पोरीचं डोकं फार दुखतंय, तिच्याकडं बघा आधी. पण सरांनी पांढरा शर्ट चढवला. त्यांना आधी आपल्या नावावरचा डाग पुसायचा होता. ते पोलीस ठाण्यात गेले.

ठाण्यात हवालदार रामलिंग होता. तो सरांच्या हाताखालून गेलेला. नववीत त्याला धातूंची यादी पाठ म्हणता आली नव्हती म्हणून सरांनी पंधरवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मला अर्ज द्यायचाय," सर म्हणाले. "त्या भोंदूवर. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे. तो यावा म्हणून मी मोर्चे काढलेत."

रामलिंगनं टेबलावरचा एक कागद हळूच पालथा घातला. "सर, त्याच कायद्याखाली एक अर्ज आलेला हाय. तुमच्यावर. गल्लीच्या सह्या हाईत."

कायद्याचं नाव नीट लिहिलंय का, एवढंच सरांनी विचारलं. नव्हतं लिहिलेलं. तेवढ्याचा त्यांना आधार वाटला.

चौकशी म्हणून रामलिंग दुसऱ्या एका शिपायाला घेऊन गच्चीवर आला. उरलेल्या लिंबांचा पंचनामा झाला. 'काळी पडलेली, टोचलेली, चिठ्ठी लावलेली लिंबं, तसेच एक फाटकी मच्छरदाणी व दाभण' असा मुद्देमाल पिशवीत भरून लाखेनं बंद केला. 'दाभण' हा शब्द लिहिताना रामलिंगनं सरांकडं पाहिलं नाही. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "सर, राग मानू नका. महालिंगप्पा माझं ऐकंना, त्या बाबाला हुसकलं तर गल्ली अंगावर येती. तुमी एकदा उतरवून टाका ना. खोटं का व्हयना."

"रामलिंग, मी मरेन, पण असलं थोतांड करणार नाही," सर म्हणाले. आणि ते उरलेला दिवस अर्ज लिहीत बसले. मोठ्या साहेबांना एक, वर्तमानपत्राला एक, विज्ञान मंडळाला एक. भाषा फार चांगली उतरली होती. ते प्रत्येक वाक्य दोनदा वाचून पाहत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शारदाबाई महालिंगप्पांच्या मागच्या दाराशी गेल्या. बायकांनी त्यांना आत येऊ दिलं नाही, पण खिडकीतून दिसलं तेवढं पुरे होतं. त्या परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"तिला नीट दिसंना झालंय. आणि आत्ता माझ्यासमोर झटका आला. डोळे वर, दात बसले. तो मेला बाबा लिंबू धरून म्हणतोय, बघा, बाहेर येऊ लागलंय!"

सर उठले. "फोन कर. गाडी बोलवू—"

"गाडी आली म्हणून ते सोडतील तिला? उंबऱ्यात आडवे बसलेत सगळे." शारदाबाईंनी टेबलावरचे अर्ज उचलले, पाहिले आणि परत ठेवले. "तुमचं नाव मोठं, का ती पोरगी?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. सरांनी चप्पलही घातली नाही. बाहेर पडताना त्यांनी रामलिंगला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "जीप घेऊन ये. आणि काही झालं तरी हसू नकोस."

महालिंगप्पांच्या अंगणात गल्ली जमलेली होती. उंबऱ्याच्या आत सतरंजीवर अस्मिता पडलेली, तोंडाच्या कडेला फेस सुकलेला, केसांत भस्म. सर गर्दीतून पुढं गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"मीच केलं," सर म्हणाले. "मी सोडलं तिच्यावर. उतरवायला आलोय."

गर्दी एकदम मागं सरकली. महालिंगप्पा मात्र पुढं आले आणि त्यांनी सरांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून पडला. धुरपताबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं, तेवढंच.

"काढ," महालिंगप्पा म्हणाले. "काढ तू ते."

सरांना 'तू' म्हणणारं त्यांच्या आईमागं उमरग्यात कुणी उरलं नव्हतं. ते चष्म्याशिवायच सतरंजीशेजारी बसले. त्यांना एकही मंत्र येत नव्हता. पोथ्या त्यांनी जन्मभर खोटं शोधण्यापुरत्याच उघडल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला आणि जे पहिलं तोंडात आलं ते खर्जात सुरू केलं.

"पोटॅशियम सोडियम कॅल्शियम मॅग्नेशियम... जस्त, लोह, कथिल, शिसं... तांबं, पारा, रौप्य, सुवर्ण!"

लोकांनी हात जोडले. बाबानंही जोडले, इतका जुना मंत्र त्यानं ऐकला नव्हता. दारात येऊन उभ्या राहिलेल्या रामलिंगचे ओठ सरांबरोबर हलत होते. नववीत जमली नाही ती यादी त्याला आता तोंडपाठ येत होती, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

सर तिसऱ्यांदा सुवर्णापर्यंत आले आणि थांबले. "सुईनं लागलंय," ते मोठ्यानं म्हणाले, "सुईनंच उतरंल. पांढऱ्या कपड्यातल्या बाईच्या हातची सुई. दिवस मावळायच्या आत. उंबऱ्याचं बंधन मी काढलं. उचला तिला!"

"म्या म्हणलं होतंच," बाबा पुढं सरसावून म्हणाला, "करणाऱ्यानंच उतरवावं लागतंय." पण त्याचं कुणी ऐकलं नाही. महालिंगप्पांनी सुनेला दोन्ही हातांवर उचललं आणि पळत जीपमध्ये नेलं. सर मागं धावले. त्यांना जीपमध्ये घेतलं नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, झटके थांबले, आणि मग अँब्युलन्सनं सोलापूरला पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं. अस्मिता वाचली. बाळ आधीच पोटात गेलं होतं. मुलगा होता.

पुढं काय व्हायचं ते झालं. महालिंगप्पांनी अर्ज मागं घेतला, त्यामुळं खटला उभा राहिला नाही. मुद्देमाल मात्र ठाण्यातच राहिला, कारण तो परत कसा द्यायचा याचं पत्रक कुणाला सापडलं नाही. विज्ञान मंडळानं बैठक घेऊन सरांचं अध्यक्षपद काढलं. ठराव ज्यानं मांडला त्याला सरांनीच मंडळात आणलं होतं, आणि ठरावातलं शुद्धलेखन निर्दोष होतं. गल्लीतली पोरं सरांचं फाटक आलं की पळत पुढं जात. त्याच गल्लीतल्या धुरपताबाई एका दुपारी दूध न देणारी म्हैस घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, झालं ते झालं. जमलं तर हिच्याकडं बघा." सरांनी त्यांना जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. त्यांनी तो मान खाली घालून, मंत्र घ्यावा तसा घेतला.

सरांनी ठरवलं की आता सगळं स्वच्छ सांगायचं. त्यांनी सोलापूरच्या डॉक्टरांकडून गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाची माहिती मिळवली, झटके का येतात, वेळेत भरती केलं तर काय होतं, सगळं सोप्या मराठीत लिहून काढलं. तो कागद घेऊन ते महालिंगप्पांकडं जायला निघाले आणि भिंतीपाशी त्यांना अस्मिता दिसली. अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल. उभी राहताना ती भिंतीला धरत होती.

"सर, कुठं निघालाव?"

सरांनी कागद दाखवला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला. बारावी सायन्स झालेली पोरगी, सगळं कळलं तिला. तिनं घडी घालून कागद परत दिला.

"हे घरात सांगू नका, सर."

"का? तुला तर माहीत आहे मी काही केलं नाही."

"मला माहीत हाय म्हणूनच मागूलाले." तिनं मागं वळून घराकडं पाहिलं. "घरात समदे म्हणत्यात, सरानं केलं. एकदा का कळलं तुमी केलं न्हाय, की मग इचारतील, कुणामुळं गेलं? डॉक्टरीणबाई आधी काय म्हणल्या होत्या ते कुणी आठवणार न्हाय. आत्याबाई म्हणतील, हिच्याच पायानं गेलं. पोटचं खाल्लं म्हणतील. ह्यांना दुसरी बघतील, मला बेंबळीला सोडतील." तिचा आवाज कुठंच फुटला नाही. "तुमच्याशी कोण बोलत न्हाय, मला दिसतंय. तरी मागते."

सर भिंतीच्या अलीकडं उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी खरं काय ते फळ्यावर लिहिलं होतं आणि पुसायचं काम पोरांवर सोडलं होतं. त्यांनी कागद खिशात घातला आणि "जेवतेस ना नीट?" असं विचारलं. ती हो म्हणाली आणि आत गेली.

शारदाबाईंना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. त्यांनी मळणं थांबवलं नाही. "मग?" त्यांनी विचारलं. "मग काय," सर म्हणाले. त्या रात्री दोघांचंही जेवण नीट झालं नाही.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी सर फाटकात उभे असताना महालिंगप्पांची स्कूटर समोर येऊन थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांची दाढी वाढली होती, गालफडं बसली होती. त्यांनी स्कूटर बंद केली नाही. दोन्ही पाय टेकून ते तसेच बसून राहिले.

"सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी हात उचलला, ते देव बघून घेईल. पण एक सारखं मनात येतंय. तुमी थोडं आधी उतरवलं असतं, आदल्या दिवशी आला असता, तर लेकरू बी वाचलं असतं."

सरांना आपलं टेबल आठवलं, आणि त्यावर दिवसभर सजवलेली वाक्यं. या माणसाचं म्हणणं मुळापासून खोटं होतं, आणि त्यातला एक शब्दही खोडता येत नव्हता.

"व्हय, महालिंगप्पा," ते म्हणाले. "उशीर केला मी."

महालिंगप्पांनी मान हलवली. हेच ऐकायला ते आले असावेत.

"सुनेला जपा," सर म्हणाले.

"जपूलालो की." महालिंगप्पांनी स्कूटरचा कान पिळला. "तिचा बिचारीचा काय दोष त्यात?"